‘नक्की ना?’ : न कळण्याचं माप



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चौथीला होते. वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही मुलं त्यांच्या टेबलाभोवती कोंडाळं करायचो. “गुरुजी, पेपर सोपा आहे ना? नक्की ना?” गुरुजी ‘हो’ म्हणत नसत, आणि ‘नाही’ही म्हणत नसत. हातातला खडू खाली ठेवत, हात झटकत आणि म्हणत, “बघू या.” मला तेव्हा त्या दोन शब्दांचा राग यायचा. पुढे शाळाशाळांतून समुपदेशक म्हणून काम करू लागले, शेकडो मुलांचं ‘नक्की ना?’ कानांवर पडलं, आणि गुरुजींच्या त्या उत्तराचं मोल उमजत गेलं. आज मी जे बोलणार आहे, ते फिरून त्या ‘बघू या’पाशीच येणार आहे.

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय : ‘चिंतातुर मुलं अनिश्चितता कशी पेलतात, आणि ते मोजायचं कसं?’ ऐकायला बोजड वाटेल. पण हा विषय आपल्या घरांत रोज संध्याकाळी बोलला जातो. “आई, उद्या साडेपाचला येशील ना? नक्की ना?” “बाबा, पाऊस आला तर सहल रद्द होईल का?” “बाईंनी अचानक मलाच उभं केलं तर?” बहुतेक मुलं हे एकदा विचारतात आणि उत्तर मिळालं की खेळायला पळतात. काही मुलं तेच दहादा विचारतात. दहाव्या उत्तरानंतरही त्यांच्या पोटातला गोळा जागचा हलत नाही. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या मुलांबद्दल.

चार मुद्दे मांडते. न कळणं हे संकटाहून वेगळं ओझं आहे, हा पहिला. ते ओझं मोजायचं माप कसं घडलं, हा दुसरा. ते माप कुठे तोकडं पडतं, हा तिसरा. आणि मोजून झाल्यावर करायचं काय, हा चौथा.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. मूल वाईट गोष्टीला घाबरतं, अशी आपली समजूत असते. पेपर अवघड जाईल, आई रागावेल, कुत्रा चावेल. म्हणून आपण समजावत बसतो, “अरे, काही वाईट होणार नाही.” पण मुलाला त्या वाईटाचीच भीती आहे कशावरून?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ प्रौढ माणसं त्यात सहभागी झाली होती. त्यांना संगणकाच्या पडद्यावर दगड दिसायचे. या दगडाखाली साप असेल की नसेल, याचा अंदाज बांधायचा. साप निघाला की हाताला विजेचा छोटासा पण दुखणारा झटका. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे अनुभवाने कळायचं आणि मध्येच बदलायचंही. संशोधक त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि त्वचेवरचा घाम मोजत होते. मला सांगा, माणसं सर्वांत जास्त अस्वस्थ केव्हा झाली असतील? झटका बसणार हे पक्कं ठाऊक असताना? नाही. शक्यता निम्मीनिम्मी असताना. खात्रीच्या झटक्यापेक्षा ‘बसेल की नाही’ याने माणसं जास्त हैराण झाली.

आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपण म्हणतो, जीव टांगणीला लागला. टांगणीला लागलेली वस्तू पडलेली नसते आणि नीट ठेवलेलीही नसते. पडली असती तर उचलता आली असती. ठेवली असती तर विसरता आली असती. टांगलेल्या वस्तूकडे नुसतं बघत राहावं लागतं.

महाराष्ट्रातल्या मुलांची एक पिढीच्या पिढी अशी टांगणीला लागलेली आपण पाहिली आहे. करोनातलं २०२१ साल आठवा. दहावीची परीक्षा २९ एप्रिलला सुरू व्हायची होती. १२ एप्रिलला कळलं, परीक्षा जूनमध्ये होईल. २० एप्रिलला कळलं, होणारच नाही. मग प्रश्न आला, गुण कसे देणार? मे महिन्याच्या अखेरीला अंतर्गत मूल्यमापनाचं सूत्र जाहीर झालं. १६ जुलैला निकाल लागला, तर संकेतस्थळ उघडेना. अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला वेगळी परीक्षा ठरली होती, ती १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने रद्द केली. चार महिन्यांत किती वेळा ‘नक्की’ झालं आणि किती वेळा ‘नक्की’ मोडलं! त्या दिवसांत एका मुलीचा मला फोन आला होता. अभ्यासू मुलगी. म्हणाली, “मॅडम, नापास करा हवं तर, पण काय ते एकदा सांगून टाका.” हे वाक्य मी आजवर विसरले नाही. नापास होणं तिला परवडत होतं. न कळणं परवडत नव्हतं.

आणि गंमत बघा, तीच परीक्षा, तोच गोंधळ, पण सगळी मुलं सारखी हलली नाहीत. कुणी पत्ते कुटले, कुणी आईकडून भाकरी थापायला शिकलं, आणि कुणी रात्री दोन वाजता उठून मोबाइलवर बातम्या चाळत बसलं. बाहेरची अनिश्चितता एकच होती. ती पेलण्याची ताकद वेगवेगळी होती. मानसशास्त्रात या शेवटच्या प्रकारच्या मुलांबद्दल म्हणतात की यांना अनिश्चितता सहन होत नाही. वाईट घडण्याची शक्यता कितीही बारीक असो, ‘घडू शकतं’ एवढंच त्यांना असह्य होतं. चिंतेच्या अनेक आजारांच्या मुळाशी हा धागा सापडतो.

आता दुसरा मुद्दा. जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजायला माणसं निघाली कशी?

सुरुवात एका निर्वासित बाईपासून करावी लागते. एल्स फ्रेंकेल-ब्रुन्स्विक. जन्म १९०८ चा, लेम्बर्गचा, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हचा. शिक्षण आणि अध्यापन व्हिएन्नात. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा त्यांना देश सोडावा लागला. त्या अमेरिकेत बर्कलीला पोचल्या आणि तिथल्या मुलांचा अभ्यास करू लागल्या. १९४९ च्या त्यांच्या एका लेखात एक साधी कसोटी आहे. आधी कुत्र्याचं चित्र दाखवायचं. मग एकामागून एक चित्रं, प्रत्येकात कुत्रा थोडा थोडा बदलत जातो आणि शेवटी मांजर होतो. मधली चित्रं कुत्र्याची की मांजराची, धड सांगता येत नाही. काही मुलं म्हणायची, “आता नीट कळत नाही.” काही मुलं मात्र ‘कुत्रा, कुत्रा’ हेच धरून बसायची, समोर मांजराचे कान दिसू लागले तरी. बाईंना त्यात मनाचा एक हट्ट दिसला. मधली अवस्था नकोच, काहीतरी एक पक्कं हवं. ज्या समाजातून त्या जीव वाचवून आल्या होत्या, तो समाज अशाच पक्केपणाच्या हट्टापायी कुठे जाऊन पोचला होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मुलांना ‘कळत नाही’ असं म्हणता येणं त्यांना इतकं मोलाचं वाटलं असावं.

पुढचा टप्पा कॅनडातल्या क्वेबेकचा. तिथल्या लावाल विद्यापीठात फ्रीस्टन, लादुसेर, द्युगा आणि त्यांचे सहकारी एका प्रश्नामागे लागले होते : माणसं काळजी करतात ती का? १९९४ मध्ये त्यांनी २७ विधानांची एक फ्रेंच प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानापुढे १ ते ५ आकडे. विधान मला अजिबात लागू नाही तर १, पूर्ण लागू आहे तर ५. २००२ मध्ये तिचं इंग्रजी रूप पारखलं गेलं. २००७ मध्ये कार्लटन आणि सहकाऱ्यांनी ती १२ विधानांवर आणली. तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. न कळण्याला माणसाचे प्रतिसाद दोन तऱ्हांचे असतात. एक, सगळं आधीच जाणून घेण्याची धडपड. दुसरी, कळत नाही म्हणून जागच्या जागी गोठून जाणं. वर्गातली मुलं आठवा. एक मूल सहलीच्या आधी पन्नास प्रश्न विचारतं. दुसरं एकही विचारत नाही, सहलीच्या दिवशी त्याचं पोट दुखतं. दुसऱ्या मुलाकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते त्रास देत नाही.

पण ही सगळी मापं मोठ्यांची. मुलांचं काय? २००९ मध्ये जोनाथन कोमर, फिलिप केंडॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ विधानांची मुलांसाठीची प्रश्नावली तपासून प्रसिद्ध केली. सात ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी. तिची दोन रूपं : एक मुलाने स्वतः भरायचं, दुसरं आईवडिलांनी मुलाबद्दल भरायचं. २०१७ मध्ये आणखी लहान मुलांसाठी एक प्रश्नावली आली. ती फक्त पालक भरतात, कारण चार वर्षांच्या मुलाला ‘तुला अनिश्चितता सहन होते का’ असं कोण विचारणार?

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण सभागृहात शिक्षक बरेच दिसताहेत. कोणत्याही प्रश्नावलीला दोन परीक्षा द्याव्या लागतात. वाण्याचा काटा आठवा. तीच साखर दोनदा तोलली तर वजन तेच यायला हवं. ही झाली विश्वसनीयता. आणि काट्यावर साखर तोलतोय की पिशवी, हेही कळायला हवं. ही झाली वैधता. भित्र्या मुलाची भीती, लाजऱ्या मुलाची लाज आणि चिंतातुर मुलाचं ‘न कळणं’ वेगवेगळं तोलता आलं, तरच तो काटा कामाचा.

आणि आता तिसरा मुद्दा, जो मला सर्वांत जवळचा आहे. हा काटा कुठे कमी पडतो?

नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. आम्ही कामापुरती मराठीत केलेली प्रश्नावली त्याच्यापुढे ठेवली. २७ विधानं, पुढे आकडे. त्याने पहिल्या विधानापुढे ४ वर गोल केला. माझ्याकडे पाहिलं. “बरोबर आहे ना?” मी म्हटलं, “यात बरोबर-चूक नसतं रे, तुला वाटतं ते.” त्याने गोल खोडला. २ वर केला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पुन्हा खोडला. पंधरा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. शेवटी कागद हातात आला तेव्हा सगळ्या विधानांपुढे ३ होते. २७ त्रिक ८१. अगदी मध्यावरचा आकडा. आकड्याकडे पाहिलं तर मूल ना इकडचं ना तिकडचं. पण मी कागद खिडकीकडे धरला तेव्हा तिसऱ्या आणि अकराव्या ओळीत उजेड आरपार दिसत होता. खोडरबर घासून घासून कागदाला भोकं पडली होती.

मला सांगा, त्या मुलाचं खरं माप कोणतं? ते ८१, की ती भोकं?

त्या दिवशी मला कळलं की चिंतातुर मुलासाठी प्रश्नावली हीच एक अनिश्चित परिस्थिती असते. जे मोजायचंय तेच मोजताना उफाळून वर येतं. मापणाऱ्याने म्हणूनच आकड्याबरोबर मुलाच्या हाताकडेही पाहायला हवं.

दुसरी उणीव. मुलाचा कागद आणि आईचा कागद क्वचितच जुळतात. अ‍ॅकेनबॅक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले. दोघांचं संपूर्ण एकमत म्हणजे १ धरलं, तर मूल स्वतःबद्दल जे सांगतं आणि इतर त्याच्याबद्दल जे सांगतात त्यांचा मेळ सरासरी ०.२२ एवढाच निघाला. याचा अर्थ कुणीतरी खोटं बोलतंय असा घेऊ नका. आई बघते ते घरातलं मूल. बाई बघतात ते बाकावरचं मूल. आणि रात्री अंथरुणात छताकडे बघत जागं असलेलं मूल फक्त त्या मुलालाच ठाऊक असतं. तिघांचं ऐकायचं. मेळ बसत नसेल तर का बसत नाही, हे विचारायचं. पुष्कळदा तिथूनच वाट सापडते.

तिसरी उणीव भाषेची. माप परक्या भाषेतून आणताना केवढी काळजी घ्यावी लागते याचा आपल्याकडे मोठा दाखला आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बुद्धिमापनाची स्टॅनफर्ड-बिने कसोटी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी घडवून घेतली आणि १९३४ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. बिने-कामत कसोटी हे नाव बालमार्गदर्शनाच्या क्षेत्रात आजही परिचयाचं आहे. त्यांनी नुसते शब्द बदलले नाहीत. आपल्या मुलांना कोणत्या वयात काय येतं, हे मुलांकडे जाऊन पाहिलं. चिंतेच्या मापालाही तेच लागेल. ‘अनिश्चितता’ हा शब्द कोणतं मूल वापरतं? एकही नाही. मूल म्हणतं, धाकधूक होते. म्हणतं, पोटात कसंतरी होतं. म्हणतं, प्रॉमिस कर. म्हणतं, देवाशप्पथ सांग. भाषांतर करून ते दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहायची रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्याआधी माप करणाऱ्याने शाळेच्या व्हरांड्यात चार दुपारी बसावं आणि मुलं ‘कळत नाही’ हे किती तऱ्हांनी बोलतात ते ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

चौथी उणीव सर्वांत गंभीर, आणि ती आवाज चढवून सांगितली तरी कमीच. ही मापं गृहीत धरतात की अनिश्चितता बहुतेक मनातली आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं मूल डोळ्यांपुढे आणा. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघणार. कोणत्या कारखान्यावर? शाळा असेल का? परत येऊ तेव्हा आपला वर्ग आपल्याला ओळखेल का? या मुलाने प्रश्नावलीत सगळीकडे ५ वर गोल केला, तर त्याला काय म्हणायचं? याला अनिश्चितता सहन होत नाही? अहो, का सहन व्हावी? या मुलाला सहनशीलता शिकवायची नाही. त्याला खात्री द्यायची आहे. गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. ती वेळेवर सुरू होणं हाच त्याचा उपचार. ज्या मुलाच्या पायाखालची जमीनच हलते आहे, त्याच्या मनाचा तोल मोजत बसणं हा अन्याय आहे. माप हातात घेणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा : अनिश्चितता मुलाच्या मनात आहे, की त्याच्या घरादारात?

आता शेवटचा, चौथा मुद्दा. मोजून झालं. पुढे काय?

प्रश्नावली सांगते की मुलाला कसं वाटतं. पण पेलणं हे वाटण्यात नसतं, करण्यात असतं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जो वेळ असतो, त्या वेळात मूल काय करतं? तेही मोजता येतं. प्रयोगशाळेत त्यासाठी युक्त्या आहेत. क्रिस्तियाँ ग्रियों या शास्त्रज्ञाच्या नावाशी जोडलेल्या एका पद्धतीत तीन प्रसंग असतात. एकात काहीच होणार नाही. दुसऱ्यात त्रास होणार, पण आधी खूण मिळणार. तिसऱ्यात त्रास कधीही होईल, खूण नाही. मध्येच मोठा आवाज करतात आणि पापणी किती जोराने मिटते ते मोजतात. मुलांसाठी विजेच्या झटक्याऐवजी हवेचा झोत वापरलेला आहे. पापणीला खोटं बोलता येत नाही.

पण तुमच्या-माझ्याकडे प्रयोगशाळा कुठली? आपल्याकडे स्वयंपाकघराची भिंत आहे. खोडून खोडून कागदाला भोकं पाडणाऱ्या मघाच्या त्या मुलाच्या आईला मी म्हटलं, “ताई, घरी कालनिर्णय आहे ना? दुधाचे खाडे मांडता ना त्यावर? आता आणखी एक मांडायचं.” संध्याकाळी मुलाने ‘नक्की ना?’ विचारलं की एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. बाकी काही बदलायचं नाही. दोन आठवड्यांनी त्या पान घेऊन आल्या. काही चौकोनांत रेघा मावत नव्हत्या, शेजारच्या तारखेत घुसल्या होत्या. आणि त्या स्वतःहून म्हणाल्या, “मॅडम, एक लक्षात आलं. मी प्रत्येक वेळी ‘हो, नक्की’ म्हणते. आणि मी तसं म्हटल्याशिवाय तो पुढचं विचारत नाही.”

याहून नेमकं कोणत्या पुस्तकात सापडणार? मुलाची चिंता शमवायला घरातली माणसं जे करतात त्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे : सांभाळून घेणं. आई कामावरून दर तासाला फोन करते. बाबा बाईंना आधीच सांगून ठेवतात की याला अचानक उभं करू नका. आजी त्याच्यासाठी जागरण करते. मायेपोटीच करतात सगळे. पण प्रत्येक ‘हो, नक्की’ म्हणजे मुलाला मिळालेली थोडी उसनी शांतता असते, आणि उसनं फेडावं लागतं. न कळण्याच्या त्या पाच मिनिटांत राहायचा सराव त्याला मिळतच नाही. येल विद्यापीठातले एली लेबोवित्झ यांनी घरच्यांच्या या सांभाळून घेण्याचंही माप २०१३ मध्ये तयार केलं. पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी चिंतेचे आजार असलेल्या १२४ मुलांची कुटुंबं घेतली. एका गटात उपचार मुलांवर झाले. दुसऱ्या गटात मुलांना हातच लावला नाही, फक्त आईवडिलांना आपलं वागणं बदलायला शिकवलं. दुसऱ्या गटातली मुलंही पहिल्या गटाइतकीच सुधारली. म्हणजे काय? मुलाचं न कळणं मोजताना आपलंही मोजायला हवं. ‘माझं मूल पोचलं का’ म्हणून आपण रिक्षावाल्या काकांना किती फोन करतो? त्याच्याही रेघा मांडा.

माया कमी करा, असं मी म्हणत नाही. मुलाला एकदम पाण्यात ढकला, असंही म्हणत नाही. आम्ही त्या घरात दोन गोष्टी केल्या. पहिली, ‘हो, नक्की’ याच्या जागी आईने म्हणायचं, “मलाही माहीत नाही, आणि तू थांबू शकशील हे मला माहीत आहे.” यात धीर आहे आणि खोटी खात्री नाही. दुसरी गोष्ट, एक प्रयोगवही. डाव्या पानावर मुलाने लिहायचं, काय होईल असं वाटतं. उजवं पान कोरं. घडून गेल्यावर उजव्या पानावर काय झालं ते लिहायचं. पहिला प्रयोग अगदी छोटा होता : डब्यात काय आहे ते मधली सुट्टी होईपर्यंत विचारायचं नाही. डाव्या पानावर त्याने लिहिलं, ‘कारलं असेल आणि मी रडेन.’ उजव्या पानावर लिहिलं, ‘कारलंच होतं. रडलो नाही. समीरने खाल्लं.’ समीर म्हणजे शेजारचा मुलगा; नाव मी बदललं आहे, कारलं खरं आहे. बघा, वाईट अंदाज खरा ठरला, तरी मूल कोसळलं नाही. त्या वहीने त्याला जे शिकवलं ते मी तासभर बोलून शिकवू शकले नसते.

काही महिन्यांनी आम्ही तीच प्रश्नावली पुन्हा त्याच्यापुढे ठेवली. वीस मिनिटांत भरून झाली. कुठे १, कुठे ५, कुठे २. बेरीज केली. आणि बंधुभगिनींनो, बेरीज ८१ पेक्षा जास्त आली. आकडा वाढला होता! नुसता आकडा पाहणारा म्हणाला असता, मूल बिघडलं. मी कागद खिडकीकडे धरला. उजेड कुठूनही आरपार आला नाही. त्याने एकदाही खोडलं नव्हतं. पहिल्यांदा त्याने मधल्या आकड्याआड लपून उत्तर दिलं होतं. आता त्याने ‘मला याची भीती वाटते’ असं ठामपणे लिहून, न पुसता, कागद माझ्या हातात दिला होता. कालनिर्णयवरच्या रेघाही विरळ होत गेल्या होत्या.

म्हणून शिक्षक-पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. या प्रश्नावल्या शाळेत सरसकट वाटून मुलांच्या याद्या करू नका. ‘हा अमुक गुणांचा चिंतातुर’ अशी चिठ्ठी कुणाच्या पाठीवर डकवू नका. आकडा हा दाराची कडी आहे. ती वाजवायची आणि मूल दार उघडेपर्यंत बाहेर थांबायचं.

आता थोडक्यात सांगते. मुलाला नेहमी वाईटाचीच भीती नसते. पुष्कळदा न कळण्याची असते. ते न कळणं मोजता येतं; सत्तर-पंच्याहत्तर वर्षांच्या मेहनतीने माणसांनी त्याची मापं घडवली आहेत. त्या मापांना मुलाचा हात, मुलाची भाषा आणि मुलाचं घर यांची जोड दिली नाही, तर ती आंधळी ठरतात. आणि मोजल्यावर दोन कामं उरतात : जिथे आयुष्यच डळमळीत आहे तिथे मुलाला खात्री मिळवून देणं, आणि जिथे मन डळमळीत आहे तिथे न कळण्यात राहायचा सराव देणं. या दोहोंची गल्लत होऊ द्यायची नाही.

शेवटी पुन्हा गुरुजींकडे येते. आपण मोठी माणसं मुलांना नेहमी एक शब्द सांगतो : ‘बघू.’ सायकल घेणार का? बघू. मामाकडे जायचं का? बघू. मुलांना हा शब्द आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. ‘बघू’ म्हणून आपण निघून जातो आणि टांगणीला मूल एकटं राहतं. गुरुजी ‘बघू’ म्हणत नसत. ते ‘बघू या’ म्हणत. त्या ‘या’मध्ये तेही आले, आम्हीही आलो. उद्या पेपर कसा येईल हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं ते आमच्याबरोबर वाटून घेत होते.

आज घरी गेल्यावर एखादं मूल दारातच विचारेल, “उद्या सगळं नीट होईल ना? नक्की ना?” घाईने ‘हो’ म्हणू नका. पिशवी खाली ठेवा, त्याच्याशेजारी बसा, आणि म्हणा, “बघू या.”